सिकलसेलचा बुधवार

धनश्री खोडे माझ्याकडे प्रयोगशाळेची किल्ली मागायला आली तेव्हा मला वाटलं, हिचं एखादं टायट्रेशन राहिलं असेल. पांढुर्ण्याच्या कॉलेजात मी रसायनशास्त्र शिकवते. धनश्री बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होती. तिचे वडील सौंसरच्या शाळेत शिक्षक, मितभाषी माणूस. लेक मात्र समोरच्याशी थेट डोळ्यांत बघून बोलणारी.

"प्रयोग नाही मॅडम, मीटिंग आहे," ती म्हणाली. "घरी नेट चालत नाही. इथलं वायफाय थोडा वेळ मिळेल का?"

"कोणाशी मीटिंग?"

"युगांडा, ब्राझील, नेपाळ. फिलिपाइन्सची पण एक पोरगी असते."

किल्ली मुलांच्या हाती द्यायची नाही असा आमच्याकडे नियम. म्हणून मी स्वतःच थांबले आणि उत्तरपत्रिका काढून बसले. धनश्रीबरोबर आणखी दोघं होते. एक शुभम, सौंसरचा, ज्याच्या घरी संत्र्यांच्या पेट्या भरून नागपूरला पाठवायचा व्यवसाय. बोलण्यात पटाईत. दुसरा गजेंद्र, मोहगावच्या शेतकऱ्याचा मुलगा, जो वर्गात वर्षभरात दोनदा बोलला असेल. तिघंही एका संघटनेत होते. देशोदेशीचे विद्यार्थी त्यात आहेत आणि त्यांचं म्हणणं साधं आहे: औषध जगात तयार आहे, तर माणूस कुठल्या गावी जन्मला यावरून ते मिळणं न मिळणं ठरू नये. धनश्रीला ही संघटना इंटरनेटवर सापडली होती. तिनं बाकी दोघांना ओढलं होतं.

अशा मीटिंगांतून सर्टिफिकेटापलीकडे काही निघतं असा माझा अनुभव नव्हता. मी पेपर तपासत होते, कान तिकडे होते.

कंपालामध्ये डॉक्टरी शिकणारी नाकाटो नावाची मुलगी बोलत होती. तिच्या देशात सिकलसेल खूप. रक्तातल्या तांबड्या पेशी गोल असायच्या त्या विळ्यासारख्या वाकड्या होतात, बारीक नसांत अडकतात, आणि मग हाडं फुटल्यासारख्या वेदना होतात. आईबापाकडून येणारा हा आजार. यावर हायड्रॉक्सीयुरियाची गोळी आहे. रोज घेतली, मधूनमधून रक्त तपासलं, तर वेदनांचे झटके पुष्कळ कमी होतात. नाकाटो आणि तिच्या मित्रांनी ही गोळी राजधानीतून एका छोट्या गावाच्या दवाखान्यापर्यंत नेली होती. आठवड्यातला एक वार ठरवून घेतला होता; त्या दिवशी तिथेच रक्त काढायचं, राजधानीतल्या डॉक्टरांनी स्क्रीनवर बघून गोळी द्यायची, बाकी काही नाही.

मग तिनं विचारलं, "धनश्री, मध्य भारतात सिकलसेल आहे असं आम्ही वाचतो. तुमच्या गावात ही गोळी मिळते का?"

धनश्री म्हणाली, "मला माहीत नाही. पुढच्या वेळी सांगते."

संगणक बंद केल्यावर ती तशीच बसून राहिली. शुभम म्हणाला, "अगं, सगळंच कसं माहीत असंल आपल्याले?"

"युगांडातल्या पोरीला आपल्या गावातलं माहीत आहे, शुभम," ती म्हणाली. "आपण इथेच राहून राहिलो, तरी आपल्याला नाही."

त्या वाक्यानंतर मी त्या मुलांकडे नीट बघायला लागले.

शोधायला त्यांना लांब जावं लागलं नाही. जाम नदीच्या पलीकडे सावरगाव. पांढुर्ण्याच्या इतकं लगत की नवख्याला ते वेगळं गाव वाटणारही नाही. तिथं नत्थूजींची डिंपल होती. बारावीची मुलगी, हुशार, पण शाळेत अर्ध्याहून जास्त गैरहजर. शाळेत म्हणत, दुखण्याची नाटकं करते. शेजारी म्हणत, नत्थूजीनं लाडावून ठेवली. नत्थूजी दुसऱ्यांच्या संत्र्यांच्या बागा सांभाळायचे, कलमं बांधण्यात त्यांचा हात धरणारा त्या भागात कमी. घरी बायको पंचफुला आणि ही एक मुलगी. मोठा मुलगा गौतम अकराव्या वर्षीच गेला होता. तापानं गेला, असं ते सांगत.

धनश्री पहिल्यांदा त्यांच्या घरी गेली तेव्हा मीही बरोबर होते. तरण्या मुली एकट्या आल्या तर लोक मोकळेपणानं बोलत नाहीत, म्हणून तिनं मला नेलं होतं.

डिंपल खाटेवर पाय पोटाशी घेऊन बसली होती. डोळ्यांचा पांढरा भाग पिवळसर. धनश्रीनं गोळीचं नाव काढलं तशी ती म्हणाली, "घेत होती मी. छिंदवाड्याच्या मोठ्या दवाखान्यातून आणली होती बाबानं. घेतली तोवर बरं होतं, ताई. शाळेत गेली मी तवा सलग."

"मग बंद का केली?"

उत्तर नत्थूजींनी दिलं. "बाई, गोळी फुकट हाय. पन दर खेपेले रक्त द्या लागते, अन् ते तिकडंच. सकाळची गाडी धरा, दिवसभर लाइनीत उभं राहा, वापस यायले अंधार. बसचे हादरे बसले का हिचं आंग दुखाले लागे. औषध आनाले जावं अन् दुखनं घेऊन यावं. दोन-तीन खेपा केल्या. मंग हिनंच म्हटलं, बाबा, नको."

परतताना पुलावर धनश्री थांबली. खाली जामचं पाणी संथ वाहत होतं. "मॅडम, मला वाटलं होतं औषध महाग असेल, सरकार देत नसेल," ती म्हणाली. "सरकार देते. फुकट देते. फक्त जिथे देते तिथे डिंपल पोचू शकत नाही."

पावसाळा भरात येईपर्यंत तिघांनी पांढुर्णा आणि सौंसरच्या आसपास बरीच घरं शोधली. शुभमनं सौंसरकडचं बघितलं, गजेंद्रनं मोहगाव. सगळीकडे थोड्याफार फरकानं डिंपलचीच कथा. मग ते जवळच्या सरकारी आरोग्य केंद्रात गेले. तिथल्या माणसानं हिडीसफिडीस केली नाही. तो म्हणाला, "या गोळीला इकडे मागणीच नाही. कोणी विचारायला येत नाही. ठेवली तर मुदत संपून जाईल."

"मिळत नाही म्हणून कोणी विचारत नाही," शुभम म्हणाला.

"ते बरोबर आहे. पण मी काय लिहू वर? विचारणाऱ्यांत तुम्ही तिघं, आणि तुम्हाला आजार नाही."

तिघं परत आले. मला वाटलं, आता परीक्षा येतील आणि हे थंड होईल. तसं झालं नाही. मधल्या काळात ते पाळीपाळीनं एकेका कुटुंबाला छिंदवाड्याला घेऊन जायला लागले. डिंपल मात्र बसच्या भीतीनं तयार झाली नाही. गजेंद्र आपला अभ्यास बसमध्ये करायचा. त्याच्या प्रात्यक्षिकाच्या वहीवर एकदा मला चहाचा डाग दिसला, तेव्हा त्यानं एवढंच सांगितलं, "मॅडम, दवाखान्याच्या कँटीनमध्ये लिहिलं."

त्याच सुमारास गोटमार आली.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीत पळसाचं झाड रोवतात, त्याला झेंडा बांधतात, आणि पांढुर्णा एका काठावरून व सावरगाव दुसऱ्या काठावरून दिवसभर दगड मारतात. झेंडा कोण नेणार यासाठी. माणसं जखमी होतात, दर वर्षी होतात. म्हणून त्या दिवशी गावात बाहेरून डॉक्टर येतात, अँब्युलन्सच्या रांगा लागतात, काठावर तंबू पडतात. आमच्या कॉलेजची मुलं तंबूत मलमपट्टीला मदत करतात. त्या वर्षी मी आणि ही तिघंही पांढुर्ण्याकडच्या तंबूत होतो.

दुपारी दगडांचा जोर होता. ढोल वाजत होते. कपाळ फुटलेली पोरं यायची, टाके घालून घ्यायची आणि आम्ही नको म्हणत असताना परत नदीकडे पळायची. धनश्रीच्या हातात बँडेजचा गुंडाळा होता तेव्हा तिचा फोन वाजला.

नत्थूजी होते. गोंगाटात तिनं फोन कानाशी घट्ट धरला. मग आमच्याकडे वळून म्हणाली, "डिंपलला झटका आला. रात्रीपासून. आज छातीत दुखून श्वास पण लागून राहिला. पुलावर दगड पडून राहिले, तिकडून कोणाला येता येत नाही."

छातीत दुखून श्वास लागणं म्हणजे या आजारातली धोक्याची गोष्ट. तिला ते माहीत होतं. मलाही तिच्यामुळेच कळलं होतं.

"वरच्या रपट्यावरून जाता येते," गजेंद्र म्हणाला. रपटा म्हणजे नदीवरचा बुटका पूल, पाणी वाढलं की बुडणारा. "पाणी हाय त्याच्यावर, पन जास्त नाई."

शुभमला तिथेच ठेवून धनश्री गजेंद्रच्या मोटारसायकलवर बसून गेली. मी जा म्हटलं नाही आणि थांब असंही म्हटलं नाही. तेवढा वेळच त्यांनी दिला नाही.

पुढचं मला नंतर पंचफुलाबाईंनी सांगितलं. शेजाऱ्याचा छोटा हत्ती, म्हणजे भाजीपाला वाहायचा लहान टेम्पो, त्यांनी दारात आणून ठेवला होता, पण चालवणारा रपट्यावरून न्यायला तयार नव्हता. कडा दिसत नाहीत म्हणत होता. धनश्रीनं टेम्पोत गादी घालायला लावली, डिंपलला गोधडीत गुंडाळलं, आणि घोट घोट पाणी पाजत तिच्यापाशी बसली. गजेंद्रनं मोटारसायकल तिथेच सोडली. रपट्यापाशी तो खाली पाण्यात उतरला. नडगीभर पाणी, त्याला ओढ. हातात एक तुराटी, म्हणजे तुरीची वाळकी काठी, घेऊन तो कड चाचपत पुढे चालला आणि त्याच्या मागे, त्याच्या पाठीवर नजर ठेवून, टेम्पो. डिंपलची आई म्हणाली, "पोरानं एकदाही मांगं पाह्यलं नाई. आमी त्याच्या पाठीकडं पाहूनच पार झालो."

इकडे शुभमनं डॉक्टरांना गाठलं होतं. त्या दिवसापुरत्या बाहेरून आलेल्या एक डॉक्टर उईके म्हणून होत्या, तिशीच्या. व्यवस्था पाहणारा माणूस म्हणत होता, अँब्युलन्स आणि खाटा गोटमारीच्या जखमींसाठी आहेत, दुसरा पेशंट घेतला आणि वरून विचारणा झाली तर. डॉक्टर उईके हातमोजे बदलत म्हणाल्या, "विचारलं तर माझं नाव सांगा. कुठे आहे मुलगी?"

टेम्पो तंबूशी आला तेव्हा खाट रिकामी नव्हती. डोक्याला पट्टी बांधलेला एक दांडगा पोरगा खाटेवर पडला होता. डिंपलला उचलून आणताना पाहिलं आणि तो न सांगता उठला, खाटेवरची आपली टोपी उचलून बाजूला उभा राहिला. डॉक्टरांनी ऑक्सिजन लावला, सलाइन लावलं, वेदनेचं इंजेक्शन दिलं. डिंपलचे ओठ पांढरे पडले होते. ती रडत नव्हती, फक्त धनश्रीच्या मनगटात तिची नखं रुतली होती. बऱ्याच वेळानं ती बोटं सैल झाली. नत्थूजी तंबूच्या दोरीला धरून उभे होते, ते आत आले आणि तिच्या पायांवरची गोधडी सारखी केली.

तिला अँब्युलन्सनं मोठ्या दवाखान्यात पाठवायचं ठरलं. गाडी वळवून आणेपर्यंत आरोग्य खात्याचे एक अधिकारी तंबू पाहायला आले. त्यांनी चौकशी केली, "या मुलीला कुठे दगड लागला?"

मी काही बोलायच्या आत धनश्री पुढे झाली. तिचा कुडता चिखलानं माखला होता.

"हिला दगड नाही लागला, सर. सिकलसेल आहे."

"मग या तंबूत?"

"आज डॉक्टर इथेच आहेत, म्हणून." ती शांतपणे बोलत होती. "सर, आज नदीवर इतक्या गाड्या आहेत, इतके डॉक्टर आहेत. कोणाला लागलं की लगेच टाके पडतात. ते व्हायलाच पाहिजे. पण हिचं दुखणं पोळा बघून येत नाही. हिची गोळी सरकारच देते, पण छिंदवाड्याला. ती घेत होती तोवर ही शाळेत जात होती. जाणं झेपलं नाही, गोळी सुटली, आणि आज ही इथे आहे."

अधिकारी रागावले नाहीत. म्हणाले, "बेटा, ती गोळी रक्त तपासल्याशिवाय देता येत नाही. इथे ठेवली आणि कोणाला अपाय झाला, तर?"

"रक्त इथे काढता येते. रिपोर्ट तिकडचे डॉक्टर स्क्रीनवर बघू शकतात, पेशंटशी बोलू शकतात. तुम्ही आठवड्यातला एक वार ठरवून द्या. पेशंट आणायचं काम आमचं."

"हे कुठे पाहिलं तुम्ही?"

"युगांडातल्या मुलांनी केलंय, सर."

ते थोडे हसले. डॉक्टर उईके मागून म्हणाल्या, "सर, करता येण्यासारखं आहे. वरची परवानगी लागेल फक्त."

"ऑफिसात येऊन भेटा," ते म्हणाले. बहुतेक त्यांना वाटलं असेल, येणार नाहीत. अशी तावातावानं बोलणारी आणि मग न दिसणारी मुलं त्यांनी पुष्कळ पाहिली असतील.

मुलं गेली. साहेब दौऱ्यावर होते. परत गेली, मीटिंग चालू होती. तिसऱ्यांदा गेली तेव्हा त्यांनी खुर्च्या मागवल्या. कोणती तपासणी, कोण रक्त काढणार, स्क्रीनवर कोणते डॉक्टर, सगळं धनश्रीनं विचारून ठेवलं होतं. शुभमनं आपलं बोलणं आवरून तिला बोलू दिलं, ही त्याच्या बाजूनं मोठीच गोष्ट. दसऱ्याच्या सुमारास परवानगी आली. दर बुधवारी, आधी पांढुर्ण्याच्या आरोग्य केंद्रात. लोक आले तर मग सौंसरला.

पहिल्या बुधवारी मी कॉलेजातून थेट तिकडे गेले. बाकं पुसून ठेवली होती. स्क्रीनवर मोठ्या दवाखान्यातले डॉक्टर येऊन बसले होते. नर्सबाईंनी सुया काढून ठेवल्या होत्या. आणि बाकावर एकटी डिंपल. दवाखान्यातून घरी येऊन तिला थोडेच दिवस झाले होते, चेहरा अजून उतरलेला. नत्थूजी तिला सोडून बागेत गेले होते.

दुपार झाली तरी दुसरं कोणी आलं नाही. स्क्रीनवरचे डॉक्टर सौजन्यानं म्हणाले, "पुढच्या आठवड्यात बघू." शुभम बाहेर पायरीवर बसला. "फोन केले, घरी गेलो, सगळे हो म्हणत होते. लोकांलेच नको असंल तर आपण काहून मरून राहिलो?"

"नको नाई, दादा," डिंपल म्हणाली. "लाजून राहिले."

धनश्रीनं तिच्याकडे पाहिलं.

"तुमी गाडी घेऊन दारात जाता. गाडी थांबली का शेजारी इचारते, कोन आलतं, काहून आलतं. सिकलचं नाव फुटलं का पोरीचं लग्न नाई होत, पोराले कोनी पोरगी नाई देत. छिंदवाड्याले कोनी वळखत नाई, इथं सारे पाहते. म्हनून लोक तुमाले हो म्हनते अन् दार लावते." ती जरा थांबली, दम घेतला. "मी जाईन. माह्यापाशी लपवाले काही उरलं नाई. गोटमारीच्या दिवशी साऱ्या सावरगावानं मले टेम्पोत जाताना पाह्यलं."

त्या संध्याकाळच्या मीटिंगमध्ये धनश्रीनं झाला प्रकार जसाच्या तसा सांगितला. नाकाटो हसली, म्हणाली, आमच्याकडे पहिल्या आठवड्यात दोघं आले होते, त्यातला एक चुकून आला होता. मग तिनं विचारलं, ती डिंपल कोण? तिला जाऊ द्या.

पण डिंपलला जाऊ देणं आमच्या हाती नव्हतं. आम्ही त्यांच्या घरी गेलो तेव्हा नत्थूजी स्पष्ट नाही म्हणाले. त्यांचा आवाज चढला नव्हता, पण शब्द पक्के होते. "बाई, तुमचे उपकार हायत आमच्यावर. तुमी नसत्या तर पोरगी हाती लागली नसती. पन गावोगावी जाऊन मले आजार हाय म्हनून सांगन, हे मी कसं होऊ देऊ? उद्या हिचं कसं होईन?"

धनश्रीनं वाद घातला नाही. मला वाटलं होतं ती बोलेल, तिच्यापाशी सगळे मुद्दे होते. ती म्हणाली, "काकाजी, तुमचं खरं आहे. डिंपल आली नाही तरी तिची गोळी बंद होणार नाही."

पंचफुलाबाई चुलीपुढे बसल्या होत्या. पाठमोऱ्याच, भाकरी थापत. त्या म्हणाल्या, "गौतमच्या टायमाले आपन लपवलंच होतं."

नत्थूजींनी मान वर केली नाही.

"डाक्टरनं सांगतलं होतं आपल्याले, रक्त तपासा," पंचफुलाबाई म्हणाल्या. "आपन म्हटलं, लोक काय म्हनन. ताप हाय म्हनून सांगत राह्यलो. लोकाईनं काहीच म्हटलं नाई मंग. मातीले आले अन् आपआपल्या घरी गेले."

तव्यावरची भाकरी त्यांनी उलटली. आम्ही उठायचं की बसायचं हे कळेना. डिंपलला हे बहुधा पहिल्यांदाच कळत होतं. ती आईकडे बघत होती. शेवटी नत्थूजी उठले, खुंटीवरचं उपरणं घेतलं.

"उद्या सकाळी निंघू," ते लेकीला म्हणाले. "एकटी नको जाऊ. मी येतो."

बाप-लेक आठवडाभर फिरले. गजेंद्र त्यांना लांबच्या गावांत नेऊन सोडायचा आणि स्वतः वेशीवर थांबायचा, म्हणजे दारात गाडी दिसू नये. डिंपल घरात जाऊन बायकांशी बोलायची. नत्थूजी बाहेर पुरुषांपाशी बसायचे. ते आजाराविषयी बोलायचेच नाहीत म्हणे. संत्र्याचा बहार, पाणी, झाडं काळी पाडणारा कोळशी रोग, सगळं बोलून झालं की सांगायचे, "माही पोरगी आत गेली हाय. तिले सिकल हाय. तुमच्या घरी असंल तर बुधवारी या."

दुसऱ्या बुधवारी मी पोचले तेव्हा बाकावर जागा नव्हती. आया मुलांना मांडीवर घेऊन व्हरांड्यात खाली बसल्या होत्या. एक नवं लग्न झालेली मुलगी पदर तोंडावर ओढून भिंतीला टेकली होती, तिच्यापाशी डिंपल चेहरा न झाकता बसली होती आणि तिला रक्त देताना दुखतं का, ते सांगत होती. स्क्रीनवरचे डॉक्टर एकेकाशी बोलत होते. नर्सबाईंना हात मोकळा करायला सवड नव्हती. शुभम लोकांना आत-बाहेर करत होता आणि नेहमीसारखा सगळ्यांना हसवत होता. अधिकारी साहेब येऊन गेले. दारात थोडा वेळ उभे राहिले, कोणाशी बोलले नाहीत, पण जाताना त्यांनी धनश्रीला नमस्कार केला. आधी त्यांनी केला, मग तिनं.

सौंसरचा बुधवार संक्रांतीनंतर सुरू झाला. तोवर ही मुलं दर आठवड्याला झिजत होती आणि तरी वर्षाअखेर माझ्या विषयात तिघंही पास झाली. गजेंद्रला तर धनश्रीपेक्षा जास्त गुण पडले. मी पुष्कळ बॅचेस पाहिल्या. यांच्यापेक्षा हुशार मुलंही पाहिली. पण "मला माहीत नाही, पुढच्या वेळी सांगते" असं म्हणून खरोखर पुढच्या वेळी सांगणारी मुलं मी फार पाहिली नाहीत. सांगून तिथेच न थांबणारी तर नाहीतच.

सगळं गोड झालं असं नाही. एक लहान मुलगा उशिरा आला, फार उशिरा, आणि वाचला नाही. त्या आठवड्यात धनश्री कोणाशी बोलली नाही. दोन बुधवारी गोळ्याच आल्या नव्हत्या, तेव्हा शुभम छिंदवाड्याला जाऊन बसला, मिळेपर्यंत उठला नाही. डिंपलचं एक स्थळ तिचा आजार ऐकून परत गेलं. तिनं बारावीची परीक्षा मात्र सगळे पेपर देऊन पूर्ण केली. गोळी परत सुरू झाल्यावर वर्षभरात तिला एकच मोठा झटका आला.

उन्हाळ्यात एका बुधवारी मी सौंसरला गेले होते. एक शेतकरी सात-आठ वर्षांच्या मुलाला कडेवर घेऊन आला. मुलाचे पाय सुजले होते. मदतीला आलेल्या डिंपलनं विचारलं, "काकाजी, तुमाले कोनी सांगतलं इथं यायचं?"

"मंडीत एक मानूस भेटला," तो म्हणाला. "संत्रा पाहून राहिलो होतो आमी दोघंही. या पोराले माह्या खांद्यावर पाहून इचारलं, पाय काहून सुजले? मी म्हटलं, पडला. तर म्हने, माहाही पोरगा असाच पडत होता, मी लपवलं. आता माह्या पोरीले हाय, तिले बुधवारची गोळी चालू हाय. लपवू नको, जाय. नाव-गाव काही नाई इचारलं मी."

डिंपलला ते कोण हे कळलं असणार. तिनं काही सांगितलं नाही. मुलाला त्याच्या कडेवरून घेतलं, नाव विचारलं, आणि त्याचा हात आपल्या हातात धरून सुईपाशी घेऊन गेली.